पणजोबांचे मोडून भरायचे रिव्हॉल्व्हर आणि त्याचे खरे काडतूस

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंनी मला सविस्तर पत्र लिहून विचारले आहे. त्यांच्या पणजोबांकडे मालगुजारी होती. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण त्या काळातले एक रिव्हॉल्व्हर घरात राहिले आणि आज ते बाहत्तर वर्षांच्या वडिलांच्या परवान्यावर आहे. वरचा खटका उचलला की त्याची नळी पुढे झुकते, चक्रीतून चांदणीसारखा तुकडा वर येतो आणि काडतुसे बाहेर ढकलली जातात. चक्रीत काडतुसे बसायची घरे पाच आहेत, नळी सुमारे तीन इंच आहे, निकेलचा मुलामा पोपडे धरून सुटला आहे. नळीच्या पाठीवर पेटंटचे वर्ष पुसट वाचता येते, पण बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचे माप, कुठेही कोरलेला नाही. परवान्यात फक्त '.३२ रिव्हॉल्व्हर' एवढेच आहे. निवडणुकीत जमा केलेले हत्यार परत आल्यावर वडिलांनी परवान्यावर दहा नवी काडतुसे घेतली, तर ती चक्रीच्या घरात पूर्ण बसतच नाहीत आणि नळी बंद होत नाही. एका कारागिराने सांगितले, "बत्तीसची आहे तं बत्तीसचीच लागन ना, घरं जराशी खोल करून देतो, मंग बसते." घरात चामडी म्यानाच्या पट्ट्यात अकरा जुनी काडतुसेही निघाली आहेत, त्यांच्यावर हिरवा थर आहे. ताईंचे प्रश्न असे: कोणते काडतूस खरे, घरे खोल करून घ्यावीत का, जुनी काडतुसे वापरावीत का, आणि हे हत्यार अजून विश्वासाचे आहे का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. घरे खोल करून घेऊ नका. त्या कारागिराकडे हत्यार असेल तर आजच परत आणायला सांगा. मी पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतरही परवानाधारकांची जुनी हत्यारे पाहत आलो, आणि मोडून भरायच्या रिव्हॉल्व्हरची जी कायमची नासाडी मी पाहिली, तिच्यातली पुष्कळशी याच एका सल्ल्यातून झालेली होती.

आता कारण सांगतो. '.३२' हे एका काडतुसाचे नाव नाही, तो निरनिराळ्या काडतुसांच्या एका घराण्याचा आकडा आहे. आपल्याकडे परवान्यात आणि दुकानाच्या बिलात आखूडसे '.३२' लिहिण्याची सवय असल्यामुळे हा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या घराण्यातली तीन काडतुसे आपल्याला नीट ओळखता आली पाहिजेत. पहिले म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन, ज्याला दुकानात 'शॉर्ट' म्हणतात. ते १८७८ मध्ये आले, त्याची पितळी पुंगळी, म्हणजे दारू धरणारी नळकांडी, सुमारे साडेपंधरा मिलिमीटर लांब असते आणि मूळ भरण ९ ग्रेन काळ्या दारूचे व ८५ ग्रेन वजनाच्या शिशाच्या गोळीचे होते. (ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त, त्यावरून ही गोळी किती लहान आहे याचा अंदाज येईल.) दुसरे म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ मध्ये आले, त्याची पुंगळी साडेतेवीस मिलिमीटरांच्या जवळपास, म्हणजे आधीच्यापेक्षा आठ मिलिमीटर लांब, आणि गोळी ९८ ग्रेनची. तिसरे म्हणजे .३२ पिस्तुलाचे, ज्याला ७.६५ ब्राउनिंग असेही म्हणतात. त्याची पुंगळी सव्वासतरा मिलिमीटरांच्या आसपास असते. हे काडतूस आपोआप भरणाऱ्या पिस्तुलासाठी घडवलेले आहे आणि त्याचा दाब जुन्या मोडत्या रिव्हॉल्व्हरने सोसावा असा मुळीच नाही.

या तिन्ही पुंगळ्यांची जाडी जवळजवळ सारखी आहे, आणि सगळा धोका या सारखेपणातून येतो. जाडी सारखी असल्यामुळे काडतूस घरात शिरते, आणि शिरले म्हणजे ते त्याच हत्यारासाठी आहे असे माणूस गृहीत धरतो. चांगल्या कारखान्याने मात्र यावर एक बंदोबस्त करून ठेवलेला असतो. चक्रीच्या घरात टॉर्चचा उजेड पाडला तर मागून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर एक बारीक कंगोरा दिसतो. तिथपर्यंत घर पुंगळीएवढे रुंद असते, आणि तिथून पुढे ते फक्त गोळी जाईल एवढे अरुंद होते. पुंगळीचे तोंड त्या कंगोऱ्याला टेकते आणि लांब पुंगळी पुढे सरकत नाही. आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये नवी काडतुसे आठेक मिलिमीटर बाहेर राहतात असे आपण लिहिले आहे. शॉर्ट आणि लाँग यांच्या लांबीतला फरक नेमका तेवढाच आहे. म्हणजे आपल्या पणजोबांचे हत्यार .३२ शॉर्टचे आहे, दुकानातून आलेली काडतुसे .३२ लाँग आहेत, आणि ज्याने हे हत्यार घडवले त्याने तो कंगोरा ठेवून आपल्याला स्पष्ट नकार दिला आहे. कारागीर जे 'खोल करून देतो' म्हणतो, ते म्हणजे हाच कंगोरा कापून टाकणे.

तो कापला की काय होते ते पाहा. पहिली गोष्ट म्हणजे जड गोळीचे आणि जास्त दारूचे काडतूस त्या घरात बसू लागते, जे पेलण्यासाठी ही चक्री, ही बिजागरी आणि हा खटका कधी घडवलेच नव्हते. दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे. लाँगसाठी खोल केलेल्या घरात पिस्तुलाचे काडतूससुद्धा अलगद बसते आणि उडते. म्हणजे आज एक चूक मुद्दाम करून घेतली की उद्या दुसरी चूक नकळत होण्याची वाट मोकळी होते, आणि ती चूक करणारा कदाचित आपल्या घरातला पुढच्या पिढीचा एखादा मुलगा असेल, ज्याला या दुरुस्तीची माहितीही नसेल. शिवाय चक्रीच्या भिंती आधीच पातळ आहेत, त्यातले पोलाद शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि कापलेला कंगोरा पुन्हा जोडता येत नाही.

उलट दिशेने मात्र अडचण नाही. लाँगसाठी घडवलेल्या, चांगल्या स्थितीतल्या रिव्हॉल्व्हरमध्ये शॉर्ट काडतूस चालते. त्यामुळे कुणी "आमच्या रिव्हॉल्व्हरात दोन्ही चालतात" असे सांगितले, तर ते त्याच्या हत्यारापुरते खरे असू शकते, आणि त्यावरून आपल्या हत्याराचा निर्णय करता येत नाही.

येथे एक रास्त शंका येईल. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले .३२ रिव्हॉल्व्हर विदर्भातल्या पुष्कळ परवानाधारकांकडे आहे, तेही वरून मोडून भरायचेच आहे, आणि त्यात लाँग काडतूस चालते. मग आपल्यात का चालू नये? याचे उत्तर असे की ते हत्यार वेब्ली मार्क फोरच्या आराखड्यावरून घेतलेले आहे, सहा घरांचे आहे, आधुनिक पोलादाचे आहे आणि पहिल्या दिवसापासून लाँग काडतुसासाठीच तपासून बाहेर पडलेले आहे. त्याउलट अमेरिकेत लाँग काडतूस १८९६ मध्ये आले ते मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरसोबत नव्हे, तर चक्री बाजूला काढायच्या अखंड सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरसोबत. ते काडतूस कोणत्या बांध्याच्या हत्यारासाठी आखले गेले, हे त्यावरून कळते.

आता खटक्याविषयी, कारण या जातीच्या रिव्हॉल्व्हरचा जीव खटक्यात आणि बिजागरीत असतो. अखंड सांगाड्यात चक्रीच्या वरून पोलादाची एक सलग पट्टी जाते आणि बाराचा सगळा ताण ती पट्टी पेलते. मोडत्या सांगाड्यात ती पट्टी मागच्या टोकाला तुटलेली असते आणि तिथे फक्त खटका तिला धरून ठेवतो, तर पुढे खाली बिजागरीची खीळ नळीचा भार घेते. प्रत्येक बाराला नळी पुढे पळू पाहते आणि खटका तिला मागे ओढून धरतो. स्मिथ अँड वेसनने १८७० मध्ये मॉडेल थ्री काढले तेव्हापासून त्यांच्याकडे हा खटका नळीच्या पट्टीवर, नेम धरायच्या मागच्या माशीजवळ असतो आणि तो बोटांनी वर उचलावा लागतो. इंग्रजांच्या वेब्लीचा खटका घोड्याच्या रिकिबीसारखा असतो, तो सांगाड्याच्या दोन्ही बाजूंनी वर येऊन पट्टीला कवटाळतो आणि डाव्या बाजूच्या कळीवर अंगठा दाबून उघडतो. वेब्लीचा खटका पुरता बसला नसेल तर हत्याराचा घोडा, म्हणजे काडतुसाला ठोकणारा भाग, काडतुसापर्यंत पोचत नाही, ही त्यातली मोठी सोय. आपल्या वर्णनावरून आपले हत्यार पहिल्या जातीचे दिसते, म्हणजे अमेरिकी बनावटीचे किंवा तिची नक्कल. नकला बेल्जियममध्ये लिएजला आणि स्पेनमध्ये एइबारला भरपूर झाल्या, आणि त्यांच्यात चांगल्यापासून अगदी सुमारपर्यंत सर्व दर्जाच्या आहेत.

हे तपासणे आपल्या घरीही शक्य आहे, पण वडिलांनी स्वतः हत्यार हातात घेऊन, आपण शेजारी बसून. नळी झुकवून पाचही घरे रिकामी आहेत हे दोघांनी डोळ्यांनी पाहावे, काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलीत ठेवावी, आणि मग हत्यार बंद करून खिडकीकडे, कुणी नसलेल्या बाजूला तोंड करून धरावे. एका हाताने मूठ घट्ट धरून दुसऱ्या हाताने नळीचे टोक हलकेच वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे, नजर खटक्याच्या सांध्यावर ठेवावी. निरोगी हत्यारात तो सांधा मुका असतो. झिजलेल्या हत्यारात तिथे उजेडाची केसाएवढी फट उघडते आणि मिटते, आणि बारीक 'टक टक' असा आवाज बोटांना आधी व कानांना नंतर कळतो. तो आवाज आला तर पुढची तपासणी करण्याची गरज नाही. त्या हत्यारातून बार काढू नये. अशा हत्याराचा खटका प्रत्येक बाराला थोडा थोडा अधिक झिजतो, आणि एक दिवस नळी बाराच्या क्षणी उघडते.

खटका ठीक निघाला तरी चक्रीचे कुलूप, घर व नळी यांची सरळ रेषा आणि घोड्याच्या टोकाची पिन या गोष्टी परवानाधारक कारागिराकडूनच पाहून घ्याव्यात. चाप पूर्ण दाबलेला असताना चक्री जागची हलता कामा नये. ती हलत असेल तर गोळी नळीच्या कडेवर घासते, आणि शिशाचे कण चक्री व नळी यांच्या फटीतून बाजूला उडतात. असे कण गालात रुतलेला एक जवान मी स्वतः दवाखान्यात नेला आहे.

वय आणि दारू यांचा संबंधही समजून घेतला पाहिजे. १८७०-८० च्या दशकांतली ही रिव्हॉल्व्हरे काळ्या दारूसाठी होती. बिनधुराची दारू नंतर आली, आणि कारखाने हळूहळू तिच्यासाठी वेगळे पोलाद व वेगळी बांधणी वापरू लागले. उदाहरणार्थ, आयव्हर जॉन्सन या अमेरिकी कारखान्याची मोडती रिव्हॉल्व्हरे साधारण १९०९ पासून बिनधुराच्या दारूसाठी घडवलेली आहेत, आधीची नाहीत. दोन्हींच्या मुठीवर घुबडाचे तोंड असते, पण मूठ बदलता येते, म्हणून केवळ मुठीवरून वय ठरवू नये. पेटंटचे जे वर्ष कोरलेले असते ते कल्पनेच्या नोंदणीचे असते, हत्यार त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीही बनलेले असू शकते. इंग्रजी हत्यार असेल तर काम सोपे होते. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाने १९०४ पासून बिनधुराच्या दारूवर तपासलेल्या हत्यारावर मुकुटाखाली 'एन पी' अशी अक्षरे ठोकलेली असतात. बेल्जियमचे असेल तर लंबगोलात 'ई एल जी' ही अक्षरे आणि तारा दिसतो, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर हत्यार १८९३ नंतरचे समजावे. अमेरिकेत असे सरकारी परीक्षागृह नव्हते, त्यामुळे तिथल्या हत्यारावर अशी खूण नसणे हा दोष नव्हे. या खुणा चक्रीच्या घरांमधल्या जागेत, नळीच्या मुळाशी किंवा मुठीच्या लाकडाखाली सापडतात. त्या शोधण्यासाठी पॉलिश पेपर, चिंच, राख काहीही लावू नका. निकेल गेले तर गेले, पण खूण किंवा नंबर घासला गेला तर हत्याराची ओळख जाते, आणि ओळखीच्या खुणा नाहीशा करणे हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ खाली येणारा विषय आहे.

आपण लिहिता की आजी दर दिवाळीला हत्याराला जवसाचे तेल लावत असत. त्यांच्या काळजीबद्दल मला आदर आहे, आणि त्या तेलामुळे बाहेरचा गंज थांबलाही असेल. पण जवसाचे तेल वाळते. दाराच्या चौकटीला लावले की जसा त्याचा पापुद्रा होतो, तसाच तो बिजागरीत, चांदणीच्या दांड्यात आणि घोड्याच्या कमानीपाशीही होतो. चक्री जड फिरणे, चांदणी अर्ध्यावर अडकणे, घोडा संथ पडणे ही लक्षणे आपल्या पत्रात आहेत आणि ती झिजेची नसून या वाळलेल्या तेलाची असण्याची शक्यता मोठी आहे. कारागिराने ते मातीच्या तेलात भिजवून, सोडवून, पुसून काढावे. त्यानंतर बंदुकीचे पातळ तेल लावावे, ते नसेल तर शिलाई मशीनचे, आणि तेही एवढेच की बोट फिरवल्यावर चमक दिसावी, ओघळ दिसू नये. खोबरेल थंडीत गोठते, तेही नको.

चांदणीविषयी एक सूचना येथेच करतो. या रिव्हॉल्व्हरची मोठी शोभा अशी की नळी झुकवली की पाचही पुंगळ्या एकदम बाहेर येतात. मात्र नळी हळूहळू, आडवी धरून उघडली तर एखादी पुंगळी चांदणीच्या खाली घसरते, चांदणी तिच्यावर बसते आणि मग हत्यार ना उघडते ना मिटते. अशा वेळी स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटल्यामुळे वाकलेल्या चांदण्या मी कित्येक पाहिल्या. नळी ठामपणे, एका दमात झुकवावी आणि त्या वेळी हत्यार असे वळवावे की पुंगळ्या आपल्या वजनाने खाली पडतील.

आता त्या अकरा काडतुसांकडे येतो. हिरवा थर म्हणजे पितळेचा कळंक. कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि आपल्या धानपट्ट्यातली पावसाळी ओल या दोन्ही गोष्टी मिळून चामडी पट्ट्यातल्या पितळेला हमखास कळंक चढवतात. वरचा थर पुसून काडतूस चकचकीत करता येते, पण पितळ किती खाल्ले गेले आहे हे बाहेरून कळत नाही. जुन्या टोप्यांमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या, घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या भागात, पाऱ्याचे संयुग असे, ते काळानुसार दुबळे होते, आणि आतल्या दारूने ओल धरली की ती अर्धवट जळते. अशा काडतुसांतून तीन प्रकारचे प्रसंग निघतात. पहिल्यात काहीच होत नाही. दुसऱ्यात घोडा पडतो, क्षणभर शांतता असते आणि मग उशिराने बार निघतो. म्हणून टोपी ठोकली गेली आणि आवाज आला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, लगेच उघडू नये. तिसरा प्रसंग सर्वांत घातक, आणि तो मी जवळून पाहिला आहे.

एका जिल्ह्याच्या चांदमारीवर जुन्या साठ्यातली .३८ ची काडतुसे वार्षिक सरावासाठी निघाली होती. माझ्यापासून तिसऱ्या जागेवरच्या जवानाने चाप ओढला तेव्हा नेहमीच्या धमाक्याऐवजी कुकरची शिटी सैल पडावी तसा 'फुस्स' आवाज झाला. मी "थांब" म्हणून ओरडलो तेव्हा त्याचे बोट पुढच्या बारासाठी पुन्हा चापावर आवळत होते. तो थांबला. हत्यार घेऊन, उघडून, रिकामे करून नळीत मागून काडी घातली, तर ती अर्ध्यावर अडली. टोपीने एकटीने गोळीला नळीत ढकलले होते, पुढे न्यायला दारू जळलीच नव्हती. रिव्हॉल्व्हरमध्ये दुसरा बार काढायला फक्त चाप ओढावा लागतो, हत्यार अडत नाही, काही इशारा देत नाही, आणि दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळते. असे झालेल्या दोन नळ्या माझ्याकडे तपासणीला आल्या होत्या. एकीला मधोमध बांगडीसारखा फुगवटा होता, दुसरी लांबीला चिरली होती. म्हणून आवाज वेगळा आला, धक्का हलका लागला, तर तिथेच थांबणे ही गोष्ट मी प्रत्येक परवानाधारकाला सांगतो.

तेव्हा ती अकरा काडतुसे वापरू नयेत. त्यांना विहिरीत टाकणे, शेतात पुरणे, चुलीत घालणे किंवा मुलांना दाखवायला कपाटात ठेवणे यांपैकी काहीही करू नये. ती वडिलांच्या परवान्यावर नोंदलेली आहेत की नाहीत ते पाहून, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे लेखी पोच घेऊन जमा करावीत. नोंद नसेल तर तसे स्पष्ट सांगून जमा करावीत. जुन्या घरात सापडलेली काडतुसे स्वतःहून जमा करणारा माणूस आणि ती दडवून ठेवणारा माणूस यांच्यातला फरक ठाणेदाराला कळतो.

नव्या दहा काडतुसांबाबत विक्रेत्याशी बोलावे. डब्यावर 'लाँग' लिहिलेले असेल आणि पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण असेल, तर काडतुसे उत्तम आहेत, फक्त आपल्या हत्याराची नाहीत. शॉर्ट काडतूस आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही हे मी मान्य करतो, आणि 'खोल करून घ्या' हा सल्ला जन्माला येतो तो याच टंचाईतून. पण काडतूस मिळत नाही म्हणून हत्यार बदलायचे नसते. लाँगची पुंगळी कापून शॉर्ट करण्याचा उद्योगही कुणी सुचवील. तो परवानाधारकाच्या अधिकारातला नाही आणि सुरक्षितही नाही.

याच निमित्ताने .३८ बाबतही लिहितो, कारण वर्धा आणि यवतमाळकडून तसे प्रश्न येत असतात. मोडत्या .३८ रिव्हॉल्व्हरचे काडतूस .३८ स्मिथ अँड वेसन असते, १८७६ चे, पुंगळी १९.७ मिलिमीटर. इंग्रजी लष्कराने याच पुंगळीत २०० ग्रेनची शिशाची गोळी घालून ते एनफिल्ड नंबर टू या १९३२ मध्ये स्वीकारलेल्या रिव्हॉल्व्हरसाठी घेतले, आणि पुढे गोळी १७८ ग्रेनची, धातूचे कवच असलेली केली. .३८ स्पेशल हे वेगळे काडतूस आहे. त्याची पुंगळी २९.३ मिलिमीटर लांब, थोडी बारीक, आणि दाब अधिक. घर कापून स्पेशल घातलेल्या एका हत्यारातल्या पुंगळ्या मी पाहिल्या. सैल घरात त्या मधोमध फुगून बाजूने चिरलेल्या होत्या. .४५५ वेब्लीचीही तीच कथा आहे. परदेशात त्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीची पाठ घासून त्यात .४५ ऑटोमॅटिकचे काडतूस बसवण्याची टूम निघाली, आणि ज्या दाबावर ते हत्यार फक्त परीक्षेपुरते तपासले गेले होते त्याच्या आसपासचा दाब त्याला दर बाराला सोसावा लागला. मात्र आपल्या कायद्यात .३८० आणि .४५५ ची रिमवाली (बुडाला बाहेर आलेली कडा असलेली) काडतुसे चालवणारी रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, आणि त्यांना केंद्र शासनाची विशेष परवानगी लागते. आपल्याकडे नागरी परवान्यावर .३२ चाच सुळसुळाट का, याचे उत्तरही त्यातच आहे. म्हणून आपल्या हत्याराचे माप कारागिराकडून व्हर्नियरने घेऊन परवान्यावरच्या नोंदीशी जुळवून घ्या. .३२ शॉर्टच्या घराचे मागचे तोंड साडेआठ मिलिमीटरांच्या आसपास भरेल, .३८ चे पावणेदहाच्या वर.

रानडुकरांसाठी हे रिव्हॉल्व्हर उपयोगी पडेल का असे आपल्या भावाने विचारले आहे. पडणार नाही. ही गोळी डुकराला जखमी करून चिडवील, आणि त्यासाठी वन विभागाचे स्वतंत्र नियम आहेतच.

विश्वासाचा प्रश्न उरला. खटका मुका निघाला, कुलूप पक्के निघाले, कंगोरा शाबूत असला आणि कारागिराने बिनधुराच्या दारूसाठी हत्यार योग्य आहे असे लेखी दिले, तरच योग्य शॉर्ट काडतुसांनी त्याचा वापर करावा. तेव्हाही पाचांपैकी चारच घरे भरावीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे, कारण या काळातल्या कित्येक हत्यारांत घोड्याची पिन टोपीवर टेकलेली राहते आणि हत्यार हातून पडले तरी बार निघू शकतो. यांपैकी एक जरी गोष्ट नसली तर ते परवान्यावर राहू द्यावे, स्वच्छ ठेवावे, आणि त्यातून बार काढू नये. माझा स्वतःचा कौल, पत्रातली लक्षणे पाहता, दुसऱ्या बाजूला झुकतो.

कारागिराकडे नेताना वडील सोबत असावेत, किंवा त्यांचे लेखी अधिकारपत्र आणि मूळ परवाना आपल्याजवळ असावा. दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी असे नेण्याची मुभा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये आहे, त्याविना नाही. कारागिराचाही परवाना भिंतीवर लावलेला पाहून घ्या. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे ते आपल्या हयातीतच कायदेशीर वारसाचे नाव देऊ शकतात, आणि ते नाव मुलीचेही असू शकते. तो अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात देताना परवान्यावरची नोंद '.३२ रिव्हॉल्व्हर' एवढीच न ठेवता, कारागिराच्या मापाच्या आधारे '.३२ स्मिथ अँड वेसन शॉर्ट, पाच घरांचे, वरून मोडणारे' अशी दुरुस्त करून घेण्याची विनंती त्याच अर्जात करावी. पुढच्या वेळी दुकानदार परवाना हातात घेईल तेव्हा त्याला कोणते काडतूस द्यायचे नाही हे तिथेच लिहिलेले असेल.

आणि ते चामडी म्यान वेगळे ठेवा. हत्यार कोरड्या सुती कापडात गुंडाळून, कुलूपबंद लोखंडी पेटीत, काडतुसांपासून वेगळे. आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी वडिलांनी ते उघडून पुसावे.